कुत्रा चावल्यावर टायटर तपासत बसू नका

गेल्या आठवड्यात मावशीच्या सात वर्षांच्या नातवाच्या पोटरीला भटका कुत्रा चावला आणि तासाभरात तिने मला एक संदेश पाठवून विचारले, "आधी रक्त तपासायचे का रे?" संदेशात लिहिले होते की, चावा घेतल्यावर रक्तातील रेबीजच्या अँटीबॉडींचे प्रमाण, म्हणजे टायटर, मोजावे, आकडा ०.५ च्या वर असला तर इंजेक्शनची गरज नसते, आणि त्यासाठी साधी एलायझा चाचणी पुरते. हे वाचून मला संताप आला, कारण या सल्ल्याने जीव जाऊ शकतो.

पहिली गोष्ट वेळेची. संरक्षक अँटीबॉडी मोजण्याच्या आरएफएफआयटी या पद्धतीत रक्तद्रव टप्प्याटप्प्याने पातळ करून जिवंत रेबीज विषाणूसोबत दीड तास ठेवतात, मग त्यात पेशी घालतात, आणि दुसऱ्या दिवशी चमकणारा रंग देऊन विषाणू किती पेशींत शिरला हे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक क्षेत्र पाहून मोजतात. हे काम मोजक्याच प्रयोगशाळांत होते. नमुना तिथे पोहोचून अहवाल येईपर्यंत जे दिवस जातात, ते उपचाराचे असतात. शिवाय ज्याने कधीच लस घेतलेली नाही, त्याच्या रक्तात त्या वेळी शोधण्यासारखे काही नसते. लशीनंतरही अँटीबॉडी तयार व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, आणि लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही.

०.५ आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटर हा आकडा खरा आहे, पण शरीराने लशीला प्रतिसाद दिला एवढेच तो सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या भूमिकापत्रात, पूर्वी लस घेतलेल्यांनाही जखम धुऊन पुन्हा लस घ्यायला सांगितले आहे, उदाहरणार्थ त्याच दिवशी आणि त्यानंतर तीन दिवसांनी. टायटर पाहून ती टाळण्याची मुभा त्यात नाही.

आणि संदेशातली एलायझा चाचणी अँटीबॉडी विषाणूच्या भागाला चिकटते का ते दाखवते, ती विषाणूला रोखते का ते नाही.

पशुवैद्य आणि प्रयोगशाळेतील कर्मचारी ठरावीक काळाने टायटर तपासतात, हे मान्य करायला हवे. पण ते चाव्याआधी, बूस्टर लागेल का हे ठरवण्यासाठी. पूर्ण उपचारानंतर तीन महिन्यांच्या आत पुन्हा चावा झाला तर फक्त जखमेची काळजी पुरते, हेही त्याच भूमिकापत्रात आहे. मावशीच्या नातवाने यापूर्वी एकही डोस घेतलेला नव्हता. मी फोनवरच पंधरा मिनिटे साबण-पाण्याने पोटरी धुवायला लावली, आणि त्याच संध्याकाळी त्याच्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडी, व दंडात लशीचा पहिला डोस दिला गेला.