हार्वर्डचा समर कोर्स केला म्हणजे प्रवेश पक्का? अजिबात नाही

अकरावी-बारावीच्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘हार्वर्डचा प्री-कॉलेज प्रोग्रॅम करा, पदवीची सीट जवळजवळ नक्की.’ हे चूक आहे.

हा प्रोग्रॅम खराच आहे. दोन आठवडे कॅम्पसवर राहायचं, एक विषय शिकायचा. पण त्याला ना मार्क, ना क्रेडिट. आणि पदवीच्या प्रवेशाची त्यात कुठलीही हमी नाही. फी मात्र पाच हजार डॉलरच्या वर, विमानाचं तिकीट वेगळं. सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये लावा, हरकत नाही. पण त्याच्या जोरावर सीट मिळेल असं धरून एफडी मोडू नका.

त्याच मेसेजमध्ये पुढे ‘एमआयटीचा मोफत कोर्स भारतीय मुलांनाही खुला’ असंही लिहिलंय. ही अर्धवट माहिती. १९७५ पासून चालणारा, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचा शाळकरी मुलांसाठीचा ‘माइट्स’ प्रोग्रॅम मोफत आहे हे खरं, पण अर्ज फक्त अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डवाले करू शकतात. म्हणजे न्यू जर्सीतल्या मावशीच्या तिथेच जन्मलेल्या मुलाला चालेल, पुण्याहून अर्ज करणाऱ्या आपल्या मुलाला नाही. अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणारा, कॉलेजची तयारी करून घेणारा ‘अपवर्ड बाउंड’ प्रोग्रॅमही तिथल्याच मुलांसाठी, मुख्यतः कमी उत्पन्नाच्या आणि ज्यांच्या आईवडिलांनी पदवी घेतलेली नाही अशा घरांतल्या.

मुलाला विषयाची गोडी असेल आणि पैसे सहज परवडत असतील तर जरूर पाठवा. दोन आठवडे घराबाहेर राहून स्वतःचे कपडे स्वतः धुवायला शिकेल, हेही काही कमी नाही.