कोल्हापुरीचं प्रशिक्षण मार्चमध्ये नको, आषाढात घ्या

एका संस्थेनं मार्चमध्ये दहा दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं, ‘कोल्हापुरी चपलेत नावीन्य’ या विषयावर. मी शिकवायला गेले होते. पहिल्या दिवशी हॉल भरलेला, तिसऱ्या दिवशी निम्म्या खुर्च्या रिकाम्या. ज्यांच्या हातची कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) बघून मी या कामाकडे वळले, ते मामाही आले नाहीत. संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. रापीनं, म्हणजे कातडं कापायच्या हत्यारानं, तळाची कड सारखी करता करता, मान वर न करताच ते म्हणाले, “ताई, लग्नसराई हाय. आत्ता वर्गात बसलो तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडं जातंय. पावसाळ्यात बोलवा की, तवा हात रिकामाच असतोय.”

मार्च का निवडला होता? आर्थिक वर्ष संपत आलं होतं आणि निधी खर्च करायचा होता, म्हणून. मीही तारीख विचारली आणि होकार देऊन टाकला. कारागिरांना ती सोयीची आहे का, हे मी विचारलंच नाही. ती चूक माझीही होती आणि ती मला अजून बोचते.

बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं पावसाळी हवेत लवकर वाळत नाही. भिजलेली कोल्हापुरी फुगते, तिचा आकार जातो. गिऱ्हाईकही पावसात ती घ्यायला येत नाही. म्हणजे आषाढ-श्रावणात कोल्हापूरच्या सुभाषनगर, जवाहरनगरातल्या कारागिरांच्या घरांत काम मंदावतं आणि नेमकी पैशाची ओढ असते. शिकायला वेळ तेव्हाच, आणि शिकण्याच्या दिवसाला मजुरी मिळाली तर ती लागतेही तेव्हाच. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणाच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आहे. हे तत्त्व मला मनापासून पटतं. हातावर पोट असलेल्या माणसाला शिकायला बोलवायचं तर त्याचा दिवस भरून दिला पाहिजे.

सलग दहा दिवसांचा वर्ग मात्र मला नको वाटतो. कच्छमध्ये २००५ साली जूडी फ्रेटर यांच्या पुढाकारानं कला रक्षा विद्यालय सुरू झालं. तिथं अजरख छापणारे, बांधणी बांधणारे, विणकर, भरतकाम करणाऱ्या बायका यांच्यासाठी वर्षभराचा अभ्यासक्रम साधारण दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत विभागला होता. दोन तुकड्यांच्या मधल्या काळात माणूस घरी, आपल्या मागावर, आपल्याच रंगाच्या हौदाशी. शिकलेलं तिथं करून बघायचं, फसलं तर फसलेलं घेऊन परत यायचं. पुढे २०१४ मध्ये सोमैया कला विद्या सुरू झाली, तीही याच वाटेनं. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की तिथं कारागिराला दुसऱ्याच्या डिझाइनचा मजूर न करता स्वतः डिझाइन करणारा मानलं.

आमच्या हॉलमध्ये याच्या उलट चाललं होतं. आम्ही पडद्यावर चित्रं दाखवत होतो आणि ‘असं करून बघा’ म्हणत होतो. पट्टा किती ओला असताना ओढायचा, नव्या चपलेचा चावा कमी करायला कान (तळाला जोडलेली बाजूची पट्टी) कुठं पातळ करायचा, खिळा न वापरता कातड्याच्या वादीनं तळ कसा शिवायचा, हे समोर बसलेल्यांना ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं. म्हणून माझ्या आराखड्यात अनुभवी कारागीर गुरू म्हणून असेल, तेही डिझायनरइतक्याच मानधनावर. डिझायनरनं त्याच्या शेजारी बसून प्रश्न विचारावेत. ‘दिवसभर उभं राहणाऱ्या नर्सच्या पायात ही कशी टिकेल?’ हा खरा नावीन्याचा प्रश्न आहे. गुलाबी रंग लावून गोंडा काढला की नावीन्य झालं, असं मी मानत नाही.

वेणीचं तर बोलायलाच हवं. पट्ट्यावरची ती बारीक वेणी बऱ्याच घरांत बायका घालतात, पण आमच्या यादीत सगळी नावं पुरुषांची होती. वर्ग घरापासून लांब, वेळ सकाळी दहाची, लहान मूल कुठं ठेवायचं याचा पत्ता नाही, मग बायका येणार कशा? चौथ्या दिवशी आम्ही एका चपलेचा खर्च मांडायला सांगितला. कातडं लिहिलं, धागा लिहिला, स्वतःची मजुरी कशीबशी लिहिली. वेणीची मजुरी एकानंही लिहिली नाही. विचारलं तर म्हणाले, “ते घरातलंच काम की.” त्या क्षणी मला कळलं की माझ्या आराखड्यात किमतीचा हिशोब पहिल्या दिवशी येणार, आणि तो मांडताना नवरा-बायको दोघं शेजारी बसलेले असणार.

२०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. त्यावर भाषण देण्यापेक्षा वर्गातच बसून प्रत्येकाचा ‘अधिकृत वापरकर्ता’, म्हणजे ते मानांकन आपल्या मालाला लावायचा हक्क असलेला, म्हणून नोंदणीचा अर्ज भरून घ्यावा. जून २०२५ मध्ये प्रादा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, कोल्हापूरचं नाव न घेता. गदारोळ झाला, मग डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. २००० जोड, सुमारे ८०० युरोला एक, शिवाय कारागिरांना प्रशिक्षण. मला याचा आनंद आहे. पण त्या टेबलावर आपला भाव आणि आपली अट बोलून दाखवायला शिकवणं, हाही अभ्यासक्रमाचाच भाग हवा.

आणि पोरं? मामांचा मुलगा या धंद्यात नाही. कातड्याच्या कामावरून शाळेत जातीचं ऐकून घ्यावं लागलेल्या मुलाला ‘वारसा जपा’ म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. त्याला कमाई दाखवा, मान द्या, मग तो स्वतः ठरवील.

यंदा आषाढात आम्ही सहा कुटुंबांसोबत असा वर्ग सुरू करतोय. आठ दिवस वर्ग, तीन आठवडे घरी काम, पुन्हा आठ दिवस. दिवसाच्या मजुरीची सोय मित्रमंडळींनी केलीय. जागा अजून मिळालेली नाही. जवाहरनगरच्या आसपास कुणाकडे पावसात न गळणारी, चांगल्या उजेडाची एखादी खोली दोन महिन्यांसाठी रिकामी असेल, तर मला मेसेज करा. शेजारी लहान मुलांना बसवता येईल अशी पडवी असली तर फारच बरं.