इंदुरात कोळंबीचा पास्ता होतो, आणि चांगला होतो

गेल्या पंधरवड्यात आमच्या नात्यातल्या तीन-चार ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय : समुद्र नसलेल्या गावात कोळंबीचा पास्ता घरी करू नका, गोठवलेली कोळंबी शिळी असते, ती वीस मिनिटं उकळल्याशिवाय खाऊ नये, पास्ता म्हणजे नुसता मैदा, आणि मासे-दूध एकत्र आलं की अंगावर कोड उठतं. तो वाचून मावशीनं फ्रीजरमधलं चांगलं पाकीट फेकून दिलं. मला फार वाईट वाटलं, म्हणून लिहितेय.

आधी ‘शिळी’चं बघू. मुंबईहून इंदूर रस्त्यानं साधारण सहाशे किलोमीटर. बर्फाच्या पेटीतून आलेल्या ‘ताज्या’ कोळंबीला पाण्याबाहेर येऊन किती तास झाले, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. पाकिटातली कोळंबी बरेचदा आंध्रकडच्या तळ्यांत वाढवलेली, वनामी जातीची असते. काढल्यावर ती कारखान्यात साफ करून गोठवतात आणि उणे १८ अंशांला ठेवतात. त्या थंडीत जंतू वाढत नाहीत. खरी भीती वाटेत वितळून पुन्हा गोठण्याची. म्हणून पाकीट दाबून बघा : दाणे सुटे लागले तर घ्या, एकच गोळा झाला असेल आणि आत बर्फाचे खडे असतील तर परत ठेवा. वजनही बर्फ सोडून किती, ते वाचा. घरी आणलेली कोळंबी आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली काढून ठेवायची. विसरलात तर बंद पिशवीत घालून अर्धा तास गार पाण्यात. ओट्यावर दुपारभर उघडी मात्र कधीच नाही.

वीस मिनिटं उकळणं तर कोळंबीवर अन्याय आहे. तिच्यातली प्रथिनं आकसतात, पाणी पिळून निघतं आणि उरतं ते रबर. आतपर्यंत ६३ अंश उष्णता पोचली की पुरे. तापल्या तव्यावर मध्यम कोळंबीला एका बाजूनं दीड मिनिट, दुसऱ्या बाजूनं दीड. करडा रंग जाऊन गुलाबी आली, अर्धगोल वळली, की उतरवा. घट्ट वेटोळं झालं म्हणजे उशीर झाला.

मैद्याबद्दल इंदूरकरानं तरी असं बोलू नये. स्वस्त पाकिटांत मैदा असतो, हे खरं. पण असली पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा, आणि ड्युरम म्हणजे आपला माळव्याचा कठिया गहू! भारतीय कृषी अनुसंधान संस्थेच्या इथल्याच केंद्रानं ‘मालवशक्ती’ आणि ‘पोषण’ हे ड्युरम वाण दिलेत. ज्या जातीच्या गव्हाचा दलिया आपण पिढ्यान्‌पिढ्या खातोय, तोच परक्या आकारात आला की नावं ठेवायची? पाकिटावर ‘ड्युरम’ शब्द शोधा, बस.

राहिलं दूध. आयुर्वेदात मासे-दूध विरुद्ध आहार मानलंय. ज्यांना पाळायचंय त्यांनी जरूर पाळावं. पण कोड हा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं रंगपेशी मारल्यामुळे होतो, ताटातल्या जोडीमुळे नाही. शिवाय या पास्त्याला दूध लागतंच कुठे? इटलीत माशांच्या पास्त्यावर चीजसुद्धा सहसा घालत नाहीत.

मी ऑफिसातून आल्यावर पंचवीस मिनिटांत करते. चौघांना ४०० ग्रॅम पास्ता, चार लिटर पाणी, ४० ग्रॅम मीठ. त्या पाण्यात तेल घालू नका, ते नुसतं वर तरंगतं. पास्ता उकळतोय तोवर ऑलिव्ह तेलात ठेचलेला लसूण आणि सुकी लाल मिरची मंद आचेवर; लसूण सोनेरी व्हायच्या आत कोळंबी टाकून शिजवून बाजूला काढायची. पास्ता मिनिटभर कच्चा असतानाच उचलून त्याच तेलात, सोबत वाटीभर उकळीचं पाणी. त्यातल्या पिठाळपणानं तेल आणि पाणी एकजीव होऊन सॉस धरतो, म्हणून पास्ता नळाखाली धुवायचा नाही. शेवटी कोळंबी परत, लिंबू, कोथिंबीर. मावशीला रविवारी जेवायला बोलावलंय.