‘आत्मविश्वास वाढवा, मित्र आपोआप येतील’? असं होत नाही

अकरावीचे प्रवेश सुरू झाले आणि कोल्हापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर पुन्हा तोच मजकूर फिरायला लागला: ‘एकटी पडणारी मुलं आतूनच कमकुवत असतात. आत्मविश्वास वाढवा, मित्र आपोआप येतील. तुम्ही स्वतःला जसं बघता, तसंच जग तुम्हाला बघतं.’ एकेक वाक्य घेऊ, कारण यात सगळा दोष एकट्या पडलेल्या पोरावर येतो.

‘आतूनच कमकुवत.’ चंदगडहून शहरात शिकायला आलेली मुलगी पहिल्या आठवड्यात हात वर करते. उत्तर बरोबर असतं, पण तिचा हेल ऐकून मागच्या बाकांवर खसखस पिकते. दोन-तीनदा असं झालं की हात वर येणं थांबतं. मग ती डबाही एकटीच खाते, आणि दिवाळीपर्यंत ‘बुजरीच आहे ती’ असा शिक्का बसतो. गावाहून निघताना ती बुजरी नव्हती! मानसशास्त्रज्ञ मार्क लिअरी यांनी १९९५ साली हेच मांडलं: लोक आपल्याला कितपत सामावून घेतात, याचा अंदाज मन सतत घेत असतं आणि त्यावर स्वतःबद्दलचं मत खालीवर होतं.

‘मित्र आपोआप येतील.’ यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. हॅरिस आणि ऑर्थ या संशोधकांनी ५२ दीर्घकालीन अभ्यास एकत्र तपासले, त्यात ४७ हजारांवर माणसं होती. स्वतःबद्दल चांगलं मत असलं तर नाती सुधारतात, हे दिसलं. पण चांगल्या नात्यांनी ते मत उंचावतं, हेही तितकंच दिसलं. मजकुरात दुसरी बाजू गायब आहे. शिवाय आत्मविश्वास वाढवायचा कसा? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या मते त्याचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे स्वतः करून जमल्याचा अनुभव. नुसत्या शाबासकीचा परिणाम त्यापुढे कमी. पेठेतल्या संघात ज्याला कायम राखीव बसवलं, त्या पोरानं हा अनुभव आणायचा कुठून?

‘स्वतःला जसं बघता, तसंच जग बघतं’ हे तिसरं वाक्य तर कोल्हापूरकरांनी पुढे पाठवूच नये. गंगाराम कांबळे यांनी इथं हॉटेल काढलं, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा नको म्हणून गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. त्यांच्या स्वतःकडे बघण्यात खोट होती म्हणून नव्हे. शाहू महाराजांनी त्यांना धीराचे चार शब्द सांगून वाटेला लावलं नाही. गाडी थांबवून सगळ्यांदेखत तिथला चहा घेतला, बरोबरच्यांनाही प्यायला लावला. वर्गात गट पाडताना ‘तुमचे तुम्ही जमवा’ म्हणणाऱ्या शिक्षकांनी आणि वाढदिवसाला ठरावीक चौघांनाच बोलवू देणाऱ्या आपण पालकांनी एवढं तरी उचलावं.