बगळ्याची पिसे कोणाच्या हातची?

अठराव्या शतकातला जपानी चित्रकार कितागावा उतामारो याच्या लाकडी ठशांनी छापलेल्या पक्षिचित्रांखालची, फक्त त्याचेच नाव सांगणारी संग्रहालयातील पाटी वाचताना मी दर वेळी अडखळतो, कारण त्या कागदावरची एकही रेघ उतामारोच्या हातची नसते.

मी म्हणतो आहे ती चित्रे 'मोमो चिदोरी क्योका आवासे' या सुमारे १७९० च्या दोन भागांतील संग्रहातली. त्याच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्येही आहेत. प्रत्येक चित्रात दोन जातींचे पक्षी आणि दोन क्योका, म्हणजे ३१ अक्षरांच्या थट्टेखोर कविता. पूर्वीच्या दरबारी काव्यस्पर्धेची ही मिस्कील नक्कल. विषय प्रेमाचा, बोलणे पक्ष्यांच्या आडून. शिंगवाल्या घुबडाच्या जोडीला यात 'उसो' नावाचा चिमुकला पक्षी आहे, आणि जपानीत 'उसो' म्हणजे थापही! क्योका लिहिणाऱ्यांना असा श्लेष आयताच मिळाला, तर आणखी काय हवे?

म्हणजे कवी आले, चित्रकार आला, आणि पैसा घालून सगळ्यांना एकत्र आणणारा प्रकाशक त्सुताया जुझाबुरो आला. खरे काम मात्र यानंतर सुरू होत असे. पातळ कागदावर काढलेले चित्र चेरीच्या लाकडाच्या फळीवर पालथे चिकटवत आणि कोरणारा त्या कागदासकट लाकूड कोरत जाई, त्यामुळे चित्रकाराचे मूळ रेखाटन ढलप्यांबरोबरच नाहीसे होत असे. कवितांची वळणदार, एकमेकांत गुंतलेली अक्षरेही तोच उलटी कोरत असे. मग रंगागणिक वेगळा ठसा, प्रत्येक ठशावर कागद नेमका बसावा म्हणून कोपऱ्यात खाच, आणि शेवटी ओलसर कागदाच्या पाठीवर बांबूच्या वेष्टणाची चकती घासून रंग उतरवणारा छपाईवाला.

पाणकावळा आणि बगळ्याचे चित्र पाहा. पाणकावळा काळा आहे, त्याचे निभावते. पण पांढऱ्या कागदावर पांढऱ्या बगळ्याची पिसे दाखवायची कशी? ती रंग न लावताच छापली आहेत. कोरड्या ठशावर कागद दाबून पिसांचा नुसता उठाव घेतला आहे. मी संगणकावर हे चित्र मोठे करकरून पाहिले, तरी तो उठाव धड दिसेना. त्याला बाजूने येणारा तिरपा प्रकाशच लागतो. बगळ्याची ऐट उतामारोची असेल, पण ती पिसे कोरणाऱ्याची आणि दाबणाऱ्याची आहेत.

कल्पना चित्रकाराची, बाकीचे हुकमाचे ताबेदार, असे यावर कोणी म्हणेल. मला हे पटत नाही, आणि त्याचा पुरावा त्सुतायाच्याच दुकानातला आहे. याच उतामारोचा कीटकचित्रांचा संग्रह त्याने १७८८ मध्ये काढला, तेव्हा त्यात कोरणाऱ्याचेही नाव छापले: फुजी काझुमुने. नफ्या-तोट्याचा हिशेब ठेवणाऱ्या प्रकाशकाला जे छापावेसे वाटले, ते आजच्या बहुतेक पाट्यांवर येत नाही. जिथे नाव माहीत आहे तिथे ते लिहावे; नसेल तिथे चित्रकाराच्या नावाखाली 'कोरणारा: अज्ञात, छपाई: अज्ञात' एवढ्या दोन ओळी तरी असाव्यात. पाटीवर तेवढी जागा नक्कीच असते.