टाकी फुटली, पण ती टाकी नव्हे

आधीच सांगून ठेवतो राजेहो, फुटली ती संडासाची टाकी नव्हती. भांडे धुवायच्या पाण्याची होती. हे वाक्य मी गेल्या महिन्याभरात एवढ्या वेळा बोललो की आता रस्त्यात कोणी नुसतं "काय मंग भाऊ" म्हटलं तरी तोंडातून तेच निघते.

झालं असं की आमचे साळभाऊ असतात पुण्याला आणि त्यांना हौस भारी. २०२१ मध्ये सरकारनं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं तेव्हापासून त्यांच्या डोक्यात ते चाकावरचं घर बसलं होतं, शेवटी कुठून तरी सेकंडहॅण्ड ट्रेलर घेतलाच, आत दोन बिछाने, वीतभर ओटा, सिंक, उभ्याउभ्या अंग धुवायला एक कोपरा आणि संडास. दसऱ्याला बोलेरोच्या मागं बांधून तो आमच्या अंगणात आणला तर आधी पोट्टे जमले, मंग बुढे जमले, कोणी म्हणे फिरता दवाखाना आला, कोणी म्हणे पिक्चरची शूटिंग आहे, एक जण तर गाय घेऊनच आला, त्याला वाटलं जनावराच्या डॉक्टरची गाडी. साळभाऊ म्हणाले, "भाऊजी, दिवाळीपर्यंत राहू द्या इथं."

दिवाळी गेली, ट्रेलर राहिला. आणि त्याच्यात आमचे बाबा राहायला गेले.

घरात टीव्हीचा कलकलाट होते म्हणे. पहाटे चारला उठून तिथंच चहा मांडायचा, तिथंच कप धुवायचा, तिथंच सिंकमध्ये सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल अशी चूळ भरायची. आता या गाडीच्या पोटाखाली दोन टाक्या असतात, एक संडासाची, तिला काळ्या पाण्याची टाकी म्हणतात, आणि दुसरी सिंक-मोरीची, ती करड्या पाण्याची. बाबांनी तो संडास एक दिवसही वापरला नाही. "जिथं झोपाचं तिथंच हागाचं? मी काय कोंबडी हाव का?" त्यामुळे काळी टाकी कोरी करकरीत. करडी मात्र रोज भरत होती आणि खालचा व्हॉल्व ओढून ती रिकामी करायची असते, हे साळभाऊंनी नीट सांगितलं होतं. मलाच सांगितलं होतं. मी हो हो म्हटलं होतं.

तर भाऊबीज झाल्यावर पोरं मागं लागली, चला चिखलदऱ्याला. निघालो. आता हिशोब पहा, पाणी लिटरला किलो, टाकी शंभर लिटरची, म्हणजे अख्खं क्विंटलभर वजन दोन लोखंडी पट्ट्यांवर लटकलेलं, तेही कापसासारखं गुमान बसणारं नाही, परतवाडा सोडलं आणि घाट लागला की दर वळणाला इकडून तिकडं आदळणारं. टाकी प्लास्टिकची, ती हलते, पण तिच्या बुडातून निघालेला पाईप चेसिसला क्लॅम्पनं घट्ट आवळलेला, तो हलत नाही. मंग मधल्यामधी कोण तुटणार? वर अकराशे मीटरवर थंडी झकास होती, तिथली कॉफी पिलो, दरीच्या काठावर फोटो काढले, टाकीचं कोणाच्या ध्यानात?

पुढचे दोन महिने ती बाई गुपचूप ठिबकत होती. शेतात ठिबक लावायचं म्हटलं तर अर्ज करा, सातबारा जोडा, अनुदानाची वाट पहा, आणि इथं अंगणात विनाअर्ज ठिबक चालू.

संक्रांतीच्या आसपास ट्रेलरखाली गावातलं एक डुक्कर लोळताना दिसलं तेव्हा बायको म्हणाली, "अहो, इथं चिखल कायचा?" मी पालथा होऊन आत सरकलो. व्हॉल्वच्या मुळाशी वीतभर चीर, केसाएवढी बारीक, तिच्या टोकाला एक थेंब लोंबत होता आणि त्या थेंबात शेवईचा एक तुकडा अडकलेला, थेंब पडायचा पण शेवई काही पडत नव्हती. खाली काळ्या चिखलात चहापत्तीचा थर. आणि चाकाच्या बाजूनं उन्हाकडं तोंड करून भेदराचं, म्हणजे टमाट्याचं, चांगलं हातभर झाड. कोणी लावलं नव्हतं, चिरलेल्या भेदराचं बी सिंकमधून खाली आलं असणार.

ट्रेलरखालून माझे दोन पाय बाहेर आलेले पाहून अर्ध्या तासात गावभर झालं की मास्तरच्या घरची संडासाची गाडी फुटली.

सल्ल्याला तं कमी नव्हती. शेजारच्या काकांनी गळती बुजवायची ती दोन रंगाची कणीक आणून दिली, एकात एक मळून लावायची असते. मळली, लावली, अंगठ्यानं दाबली, सकाळी पाहतो तं भाकरीचा पापुद्रा निघावा तशी अख्खी पट्टी खाली पडलेली, माझ्या अंगठ्याच्या ठशासकट. मंग पीव्हीसी पाईपचं सोल्युशन लावून पाहिलं, तेही वाळून पापडासारखं सुटलं. मंग ते झटकन चिकटणारं गोंद, त्यानं चिकटवलं फक्त माझा अंगठा आणि मधलं बोट. प्लंबरला फोन केला तर म्हणे, "भाऊ, तसलं काम मी करत नाही." मी म्हटलं, अरे भांड्याचं पाणी आहे बाप्पा! तर म्हणे, "हाव, सगळे असंच सांगतात."

नवीन टाकीची चौकशी केली, साडेसात हजार, ट्रान्सपोर्ट वेगळं, आणि आधी माप पाठवा, नळ्या कुठून आत येतात, व्हॉल्व कोणत्या बाजूला, पट्ट्या कुठं, कारण भोक दोन इंच जरी सरकलं तर टाकी बसत नाही. म्हणजे पुन्हा चिखलात पालथं. तेवढ्यात नेमके सरपंच गेले रस्त्यानं. थांबले, रुमाल नाकाला लावला, आणि काही न बोलता पुढं गेले. न बोलणंच जास्त लागलं मला.

आणि एका सकाळी रस्त्यावरून आवाज आला, "टब, घमेले, बकेटाऽऽ, फवाऱ्याचे पंप जोडून देऊऽऽ." लुनावर एक बुढा, मागं स्टोव्ह बांधलेला. त्याला बोलावलं. त्यानं काही विचारलं नाही, ब्लेडनं टाकीचा एक नखाएवढा कीस काढला आणि पाण्याच्या ग्लासात टाकला. तरंगला. मंग दुसरा कीस चिमट्यात धरून जाळला, माझ्या नाकासमोर धरला, मेणबत्तीचा वास. "पॉलिथिन हाय हे. याले गोंद धरत नाही. तेलाच्या तव्यावर पोळी चिपकते का? याले याच्याच जातीचं पाह्यजे." दुसऱ्या काही जातींचं प्लास्टिक असतं तर कीस बुडाला असता आणि काळा धूर निघाला असता, तेव्हा गोंद चालला असता म्हणे. एवढा मोठा खुलासा मला ना दुकानदारानं दिला, ना इंटरनेटनं, म्हणजे इंटरनेटवर असेलही, मी पाहिलं नव्हतं.

टाकी उतरवली, धुतली, उन्हात सुकवली. त्यानं चिरीच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली. मी म्हटलं, अजून भोकं? "पयले चिरीचे पाय बांधा लागते, नाही तं समोर पयते थे." आमच्याच गोठ्यात स्प्रिंकलरचा फुटका पाईप पडला होता, त्याच्यावर एचडीपीई, म्हणजे पॉलिथिनच, छापलेलं पाहून त्याच्याच पट्ट्या कापल्या, स्टोव्हवर लोखंड लाल केलं, चीर खोबणीसारखी उघडली आणि पट्टी वितळवत वितळवत तिच्यात भरत गेला, वरून आडवे टाके, गोधडीला असतात तसे. धुरानं डोळे चुरचुरत होते तरी मी हललो नाही. टाकी परत चढवताना लोखंडी पट्टीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला आणि पाईपचा तो क्लॅम्प ढिला करून ठेवला. अडीचशे रुपये अन् चहा. लुनाला किक मारता मारता माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "चांगली धुतली भाऊ तुमी, वास तं बिलकुल नाही येत."

रात्री शंभर लिटर पाणी भरून खाली जुने पेपर अंथरले. सकाळी पेपर कोरडे ठणठणीत, फक्त भेदराचं झाड मान टाकून बसलेलं.

त्या दिवसापासून बाबा रोज संध्याकाळी व्हॉल्व थोडासा ओढून झाडाला पाणी देतात. भेदरं लागली पण अशी की काय सांगू, बायकोनं ठेचा केला, एक वाटी शेजारच्या काकूंकडं पाठवली. काकूंनी बोटं चाटून विचारलं भेदरं कुठली, पोरीनं खरं ते सांगितलं. वाटी परत आली ती फाटकावर ठेवलेली सापडली.

परवा साळभाऊंचा फोन, होळीला येतो ट्रेलर न्यायला, आणि भाऊजी, टाकी रिकामी करता ना? मी म्हटलं, रोज करतो. बाबा खाटेवरून ओरडले, "त्याले सांग, होळीलोक नेऊ नको म्हणा. अजून दोन तोडे बाकी हायेत."