‘आजीचा चेहराच दिसत नाही’ : रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. आमच्या दुकानातून भाड्यानं नेलेल्या कॅमेऱ्यावर तुम्ही घरी काढलेला आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाचा व्हिडिओ मनासारखा आला नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. असा दिवस परत येत नाही, हे मलाही कळतं.

सकाळचं होमाचं शूटिंग निळसर आलंय, ती चूक आमचीच. आधीच्या गिऱ्हाइकानं व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवायची सेटिंग, बल्बच्या चिन्हावर ठेवला होता, तो ऑटोवर आणायचा राहिला. बल्बचा उजेड पिवळा असतो, म्हणून कॅमेरा तिथं निळा रंग वाढवतो; दिवसाउजेडी तोच उघडा पडतो. ६०० रुपये भाड्यातले ३०० परत देतो. विषय संपला.

पण "दुकानदारानं उजेडाबद्दल चकार शब्द काढला नाही, उलट लाइटचे १५० रुपये उकळायला बघत होता," हे जे लिहिलंय ते वाचून जेवण गेलं नाही. ताई, कॅमेरा न्यायला तुम्ही नव्हता आला, तुमचे मिस्टर आले होते. गाडी चालूच ठेवून दारात उभे. मी विचारलं, कार्यक्रम घरात आहे का? म्हणाले, गावभागातला जुना वाडा, माजघरात. मी म्हटलं, साहेब, मग एलईडी लाइट न्या, १५० रुपये. ते म्हणाले, "आमच्याकडे ट्यूबा भरपूर आहेत, आणि आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, लाइट डोळ्यांवर नको." बरोबर आहे. म्हणून मी सांगितलं, लाइट आजींवर मारूच नका, पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून ठेवा, भिंतीवरून परतलेला उजेड मऊ पडतो. भिंत रंगीत असेल तर पांढरं धोतर टांगा. आणि पैसे नकोत म्हणून तो लाइट मीच पिशवीत टाकला. फुकट. दुसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा वायरवरची माझी चिकटपट्टीसुद्धा निघाली नव्हती. बॅटरीचे चारही ठिपके हिरवे!

परत देताना मिस्टरांनी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर शूटिंग दाखवलं, म्हणून काय झालं ते मला ठाऊक आहे. आजींना पूर्वेकडे तोंड करून पाटावर बसवलंय. ते तसंच पाहिजे, त्यात मी काय बोलणार? पण वेळ संध्याकाळी पाचची आणि पाठीमागं बरोबर पश्चिमेची खिडकी सताड उघडी. कॅमेरा सगळ्या चित्राचा उजेड मिळून हिशोब करतो. खिडकीतलं ऊन दिसलं की तो आपली बाहुली बारीक करतो आणि पुढचा माणूस कोळशासारखा होतो. आपल्या डोळ्यांना तिथं बसून आजी स्वच्छ दिसत असतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. त्या खिडकीवर एक जाड चादर टाकली असती तरी पुरलं असतं. कॅमेऱ्यावर बॅकलाइटचं बटणही आहे, ते दाबलं की चेहरा उजळतो, खिडकी मात्र पांढरी फटक होते.

८१ दिव्यांनी ओवाळताना ट्यूबा बंद केल्यात. दिसायला फार सुंदर, पण या कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा तुकडा, तुरीच्या डाळीएवढा. उजेड कमी पडला की तो आतल्या आत आवाज वाढवल्यासारखं चित्र वाढवतो, आणि त्याबरोबर मुंग्याही, म्हणजे चित्रात वळवळणारे बारीक ठिपके, वाढतात. तुम्ही ज्याला "खराब कॅसेटसारखं" म्हणताय, ते हेच. एक ट्यूब आजींच्या समोरच्या बाजूला चालू राहिली असती तरी दिवे दिसले असते आणि चेहराही. (आणि कॅसेट नाही ताई, त्यात मेमरी कार्ड आहे.)

राहिलं ते ट्यूबखालच्या चित्राचं लुकलुकणं. आपली वीज ५० सायकलची, त्यामुळं जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. शटर १/५० वर असेल, म्हणजे एकेक चित्र सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतका वेळ उजेड घेत असेल, तर ते कळत नाही. कॅमेरा परत आला तेव्हा स्पोर्ट्सवर, म्हणजे खेळाच्या शूटिंगच्या सेटिंगवर होता, म्हणजे शटर त्याहून खूप जोरात पळत होतं. मुलांच्या हातात गेला असणार. मुलं आहेत, चालायचंच.

"जुनाट सामान" हा शब्दही लागला. २०१९ ला कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा दुकानातले हॅलोजन आणि दोन कॅमेरे गेले. आत्ताचं सगळं त्यानंतर हप्त्यानं घेतलेलं आहे. सकाळी दहाला द्यायचा कॅमेरा संध्याकाळी आला, त्याचे मी काही लावले नाहीत. हे लिहिणार नव्हतो, पण "लुटारू" म्हटल्यावर लिहावं लागलं. लग्नसराईत लोक हेच वाचून येतात हो.

यापुढं पिशवीत सूचनांचा एक कागद ठेवायचा विचार आहे, छापून आणतो. देण्याआधी सेटिंगही बघत जाऊ.

तुम्ही कार्ड घेऊन या. होमाचा निळा रंग कॉम्प्युटरवर बराच सुधारेल, पैसे नाहीत. ओवाळण्यातल्या मुंग्या थोड्या कमी होतील. खिडकीपुढचं मात्र जिथं पार काळं झालंय, तिथं काढायला काही शिल्लकच नसतं, ते आधीच सांगतो. दुपारी दीड ते साडेचार दुकान बंद असतं. आणि येताना चार्जरची वायर तेवढी आणा, ती पिशवीत परत आलेली नाही.

आपला,
दुकानमालक, सांगली